हिमवादळात रेडिओ स्टेशनच बंद पडलं तर? अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांसाठी तयारीची कृती

हिवाळ्याच्या तोंडावर तयारीच्या याद्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागतात. पाणी, डबाबंद जेवण, पॉवर बँक, ब्लँकेटं, औषधं, आणि सगळ्यात खाली एका ओळीत ‘बॅटरीवर चालणारा रेडिओ’. विषय तिथेच संपतो. लोक रेडिओ आणतात, सेल घालतात, कपाटात ठेवून देतात. मग लाइट जातात, मोबाइलची रेंज जाते, रेडिओ बाहेर निघतो आणि नेहमीच्या स्टेशनवर नुसती खरखर ऐकू येते. आता काय करायचं, हे त्या यादीत कुठेच नसतं.

रेडिओ विकत घेणं ही निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी म्हणजे आपल्या भागातलं कोणतं स्टेशन कोणत्या टॉवरवरून बोलतं, ते पडलं तर दुसरं कोणतं उभं राहण्याची शक्यता आहे, आणि गप्प झालेल्या स्टेशनचं नेमकं काय झालंय हे कानाने कसं ओळखायचं, ही माहिती. एडिसन, मिसिसागा, डॅलस, शिकागो अशा ठिकाणी राहणाऱ्या, मुंबई-पुण्याहून थेट बर्फात येऊन पडलेल्या मंडळींना समोर ठेवून हे लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या: स्टेशन कुठे कुठे अडतं

श्रोत्याच्या लेखी स्टेशन म्हणजे एक आवाज. प्रत्यक्षात ती तीन ठिकाणांची साखळी असते. शहरात स्टुडिओ, गावाबाहेर माळावर किंवा डोंगरावर ट्रान्समीटर आणि टॉवर, आणि या दोघांना जोडणारा दुवा. तो दुवा मायक्रोवेव्हच्या डिशचा असेल, फायबरचा असेल किंवा साध्या इंटरनेटचा. यातली एक कडी तुटली तरी आवाज बंद.

सर्वांत आधी जाते ती वीज. ५ ते १० जानेवारी १९९८ या दिवसांत क्वेबेक, पूर्व ऑंटारिओ आणि लगतच्या अमेरिकी राज्यांवर गोठणारा पाऊस पडत राहिला. हा पाऊस पाणी म्हणूनच पडतो, पण ज्याला टेकेल त्यावर काचेसारखा गोठतो. अर्धा इंच थर जमला तरी दोन खांबांमधल्या तारेवर दोन-सव्वादोनशे किलोंचं ओझं येतं. एकट्या क्वेबेकमध्ये सुमारे हजार पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब कोसळले, जवळपास १४ लाख वीजग्राहक अंधारात गेले आणि काही भागांत लाइट यायला महिना लागला. टेक्सासची गोष्ट वेगळी. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे तिथे वीजनिर्मितीच कोलमडली. सुमारे २०,००० मेगावॉटपर्यंत भार मुद्दाम तोडावा लागला, ४५ लाख घरं-दुकानं काळोखात गेली, आणि अख्खं ग्रिड, म्हणजे राज्याचं वीजजाळं, पूर्ण बंद पडण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंदांवर होतं.

‘मग जनरेटर असतोच की!’ मोठ्या स्टेशनांकडे असतो. छोट्यांकडे असेलच असं नाही, आणि असलेला जनरेटर कडाक्याच्या थंडीत सुरू होईलच असंही नाही. सुरू करणारी बॅटरी गारठते. साधं डिझेल थंडीत दाटतं आणि त्यातल्या मेणाने फिल्टर चोंदतो. वाऱ्याने उडणारा भुसभुशीत बर्फ हवेच्या जाळीतून आत शिरतो. गॅसवरचा जनरेटर असेल तर पाइपातला दाब घसरतो. आणि समजा सगळं नीट चाललं, तरी टाकी केव्हातरी रिकामी होणारच. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत डिसेंबर २०२२ मध्ये सलग ३७ तास ब्लिझार्डची, म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यासह हिमवादळाची, स्थिती होती, रुग्णवाहिका रस्त्यात रुतून बसल्या होत्या, सबस्टेशनं बर्फाने गच्च भरली होती. अशा वेळी टॉवरच्या पायथ्याशी डिझेलचा टँकर कसा पोहोचणार?

एफएमचं दुखणं निराळं. एफएमची लहर साधारण तीन मीटरची, त्यामुळे अँटेनाचे भाग लहान आणि मोजूनमापून केलेले. त्यांच्यावर बर्फाचा लेप चढला की अँटेनाचा सूर बिघडतो, पाठवलेली शक्ती उलटी ट्रान्समीटरकडे यायला लागते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतो. तुम्हाला ऐकू येतं ते एवढंच की रोज खणखणीत लागणारं स्टेशन आज कुजबुजतंय. जिथे अशी थंडी नेहमीची, तिथे अँटेनावर आवरण किंवा हीटर बसवतात; दक्षिणेकडे तो खर्च फारसं कोणी करत नाही. एएमचा प्रकार वेगळा. तिथे बहुधा अख्खा टॉवरच अँटेना असतो आणि लहर शेकडो मीटरची, म्हणून थोड्याफार बर्फाने तिला फारसा फरक पडत नाही. पण ५० किलोवॉटच्या एएम ट्रान्समीटरला वीज भरमसाट लागते, त्यामुळे जनरेटर आणि डिझेलची टाकीही तशीच दांडगी हवी.

कधी टॉवरच जातो. इंग्लंडमधल्या एमली मूरचा ३८५ मीटरचा मनोरा १९ मार्च १९६९ रोजी बर्फ आणि वाऱ्याने पडला. उत्तर कॅरोलायनात रॅलेजवळ १० डिसेंबर १९८९ ला सुमारे ६०० मीटर उंचीचे दोन टॉवर एकाच दिवशी बर्फामुळे कोसळले. उत्तर डकोटात ६ एप्रिल १९९७ ला तसंच झालं. हे सगळे टीव्हीचे मनोरे, पण बर्फ टीव्ही आणि रेडिओ असा भेद करत नाही. शिवाय टॉवर पडण्याआधीही वरून सुटलेली बर्फाची ढेकळं खालच्या केबलवर आणि डिशवर आदळून नुकसान करतात.

राहता राहिला माणूस. आज असंख्य स्टेशनं रात्री आणि सुटीच्या दिवशी कॉम्प्युटरवर चालतात. ट्रान्समीटर ठणठणीत, गाणी चालू, पण स्टुडिओत चिटपाखरू नाही आणि रस्ते बंद असल्याने कोणी पोहोचूही शकत नाही. तांत्रिक अर्थाने हे स्टेशन ‘चालू’ असतं, मात्र संकटात त्याचा उपयोग शून्य. माझ्या मते बंद पडलेल्या स्टेशनपेक्षा हे जास्त घातक, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय.

पायरी १: घरात आहे तो खरोखर रेडिओ आहे का?

‘आम्ही रोज रेडिओ ऐकतो’ म्हणणाऱ्या दहा घरांत डोकावलं तर बहुतेकांकडे स्मार्ट स्पीकर नाहीतर फोनवरचं ॲप निघेल. तो इंटरनेटचा आवाज आहे. राउटर बंद झाला की संपला. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांपुरत्याच असतात. म्हणून एएम आणि एफएम दोन्ही लागणारा, सेलवर चालणारा, वेगळा सेट घरात हवाच. हाताने फिरवायची दांडी असलेले सेट शेवटचा आधार म्हणून बरे, पण मिनिटभर दांडी फिरवून मिळतं फार थोडं. भिस्त सेलवरच ठेवा. साध्या अल्कलाइन सेलचा दम थंडीत लवकर सुटतो, लिथियमचे सेल महाग पण उणे तापमानातही टिकतात. सेट वर्षभर पडून राहणार असेल तर सेल आत घालून ठेवू नका, गळतात.

भारतातून रेडिओ आणला असेल तर एक गोष्ट नक्की तपासा, कारण ही कोणी सांगत नाही. अमेरिका-कॅनडात ज्याला एएम म्हणतात तो आपला मीडियम वेव्ह. पण भारतात त्यावरची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात आणि इकडे १० च्या. आकडे दाखवणारा डिजिटल सेट भारतातल्या सेटिंगवर असेल तर तो १००८ वरून थेट १०१७ वर उडी मारतो. न्यूयॉर्कचं १०१० त्यावर नीट लागणारच नाही. ७२०, ८१०, १०८० असे काही आकडे दोन्ही मोजणीत येतात, त्यामुळे सेट चांगला आहे असा भ्रम मात्र होतो. बऱ्याच सेटमध्ये ९/१० असं बटण किंवा मेनू असतो, तो १० वर करा. सुईवाला जुना सेट असेल तर हा प्रश्नच नाही, सुई कुठेही थांबते. ॲडॉप्टर मात्र २३० व्होल्टचा आहे का ते पाहा. इकडे वीज ११०-१२० व्होल्टची.

आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांचा फोन पाहा. तिकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एफएम रेडिओ असतो आणि वायरवाला इअरफोन लावला की तोच अँटेना होतो. त्याला इंटरनेट लागत नाही. आयफोनमध्ये ही सोय नाही.

आणि गाडी. गाडीचा रेडिओ घरातल्या बहुतेक सेटपेक्षा चांगला असतो. पण अनेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये कंपन्यांनी एएम काढून टाकलंय. आपल्या गाडीत आहे का, आजच बघून घ्या.

पायरी २: यादी करा, आणि ती कागदावर करा

सगळ्या लेखातलं महत्त्वाचं काम हेच, तेव्हा याला एक निवांत संध्याकाळ द्या. पाच-सहा स्टेशनं निवडायची, पण आवडीची म्हणून निवडायची नाहीत. ती एकमेकांपासून जितकी वेगळी तितकी चांगली: वेगळा टॉवर, वेगळं गाव, वेगळा बॅण्ड. न्यूयॉर्क शहरातली बहुतेक एफएम स्टेशनं एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून बोलतात, टोरंटोतली कित्येक सीएन टॉवरवरून, डॅलसची सीडर हिलवरून. एकाच छपरावरची चार स्टेशनं लिहून ठेवली तर यादी चारची दिसते, पण जोखीम एकाच जागी राहते.

पहिलं नाव जवळच्या मोठ्या वृत्त-स्टेशनचं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत डब्ल्यूआयएनएस, फिलाडेल्फियात केवायडब्ल्यू १०६०, शिकागोत डब्ल्यूबीबीएम ७८०, डॅलसमध्ये केआरएलडी १०८०, ह्यूस्टनमध्ये केटीआरएच ७४०, टोरंटोत ६८०. गंमत अशी की यातल्या काहींचा तोच कार्यक्रम एफएमवरही चालतो: डब्ल्यूआयएनएस १०१० आणि ९२.३ वर, केवायडब्ल्यू १०६० आणि १०३.९ वर, डब्ल्यूबीबीएम ७८० आणि १०५.९ वर. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. कार्यक्रम एक असला तरी ट्रान्समीटर दोन असतात, एक गेला तर दुसरा लावायचा. मात्र काही छोटी एएम स्टेशनं एफएमवर जास्तीत जास्त २५० वॉटच्या ट्रान्समीटरवरून ऐकू येतात. तसला एफएम आकडा गावापुरताच.

दुसरं नाव सार्वजनिक रेडिओचं: न्यूयॉर्कला डब्ल्यूएनवायसी ९३.९, शिकागोला डब्ल्यूबीईझेड ९१.५, डॅलसला केईआरए ९०.१, ऑस्टिनला केयूटी ९०.५, टोरंटोला सीबीसी ९९.१, मॉन्ट्रियलला सीबीसी ८८.५.

तिसरं तुमच्या कौंटीतलं (कौंटी म्हणजे इथला जिल्हा) किंवा गावातलं छोटं स्टेशन. शक्ती कमी, पण कोणत्या शाळेत ऊब घ्यायची सोय केली आहे, कोणता रस्ता बंद आहे हे तेच सांगतं.

चौथं रात्रीचं दूरचं एएम. सूर्य मावळला की मीडियम वेव्ह आकाशातून परतून शेकडो किलोमीटर जाते, आणि ज्यांनी पूर्वी गावाकडे रात्री परप्रांतातली स्टेशनं लावली आहेत त्यांना हे सांगायला नको. बोस्टनचं डब्ल्यूबीझेड १०३०, सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू ७००, रॉचेस्टरचं डब्ल्यूएचएएम ११८०, मिनिॲपोलिसचं डब्ल्यूसीसीओ ८३०, डेनव्हरचं केओए ८५० ही सगळी ५० किलोवॉटची. तुमच्या गल्लीतली बातमी बोस्टन देणार नाही, पण वादळ कुठे सरकलंय हे कळेल. आणि मुख्य म्हणजे आपला सेट चालू आहे याची खात्री पटेल.

अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे फेमाने, देशभरात ७७ स्टेशनं अशी निवडली आहेत की ज्यांना स्वतंत्र जनरेटर, इंधन आणि संपर्कव्यवस्था पुरवलेली आहे. राष्ट्रीय पातळीवरचा संदेश त्यांच्याकडून सुरू होतो आणि त्यांचा आवाज देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचतो. आपल्या भागातलं असं स्टेशन कोणतं, हे राज्याच्या आपत्ती विभागाकडे विचारा आणि यादीत त्यावर खूण करा.

आता यादी तपासा. दुपारी एकदा, रात्री नऊनंतर एकदा, आणि तेही भिंतीतली वीज न वापरता, सेलवर. प्रत्येक आकड्यापुढे ‘दिवसा’, ‘रात्री’ किंवा ‘दोन्ही’ लिहा. हे करण्याचं कारण असं की इकडच्या बऱ्याच एएम स्टेशनांना सूर्यास्तानंतर शक्ती कमी करावी लागते, काहींना बंदच व्हावं लागतं. जानेवारीत न्यू जर्सीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्याला हे माहीत नाही तो संध्याकाळी पाचला स्टेशन गेलं म्हणून घाबरतो, आणि ते रोजच जात असतं. (नियमाला अपवाद आहे: आणीबाणीची माहिती देण्यासाठी एएम स्टेशन रात्रीही दिवसाच्या शक्तीवर चालू राहू शकतं. त्यामुळे वादळाच्या रात्री एखादं छोटं स्टेशन अचानक दणदणीत लागलं तर नवल मानू नका.)

यादी फोनमध्ये ठेवू नका. जाड पेनाने लिहून रेडिओच्या पाठीला चिकटपट्टीने लावा. टॉर्चच्या उजेडात, हातमोजे घालून वाचता आली पाहिजे.

पायरी ३: हवामान रेडिओ

अमेरिकेत सरकारी हवामान खात्याचं स्वतंत्र रेडिओ जाळं आहे, हजाराहून जास्त ट्रान्समीटरचं. ते साध्या एएम-एफएमवर लागत नाही; १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात फ्रिक्वेन्सींवर चालतं आणि त्यासाठी वेगळा सेट, किंवा ‘वेदर बॅण्ड’ असलेला सेट लागतो. एका ट्रान्समीटरचा पल्ला साधारण ६५ किलोमीटर.

चांगल्या सेटमध्ये आपल्या कौंटीचा सहा आकडी कोड भरता येतो. एडिसन ज्या मिडलसेक्स कौंटीत येतं तिचा कोड ०३४०२३. तो भरला की शेजारच्या कौंटीच्या इशाऱ्याने रात्री दोनला झोपमोड होत नाही, पण आपल्या कौंटीचा इशारा आला तर सेट स्वतःहून ओरडतो.

हे ट्रान्समीटरही बंद पडतात, ते काही आकाशात टांगलेले नाहीत. म्हणून दोन फ्रिक्वेन्सी शोधून ठेवा. एडिसनच्या आसपास न्यूयॉर्कची १६२.५५० आणि फिलाडेल्फियाची १६२.४७५ अशा दोन्ही चाचपून बघता येतील. बहुतेक ठिकाणी दर बुधवारी चाचणीचा भोंगा वाजतो. दोन-तीन बुधवार वाजला नाही तर सेट बघा, मग फ्रिक्वेन्सी.

पायरी ४: इशारा आल्यापासून वादळ येईपर्यंत

इशाऱ्याचे शब्द नीट ऐका. ‘वॉच’ म्हणजे शक्यता आहे, ‘वॉर्निंग’ म्हणजे येतंयच. ब्लिझार्ड म्हणजे नुसता खूप बर्फ नव्हे. अमेरिकेच्या व्याख्येप्रमाणे ताशी ५६ किलोमीटरहून जोराचा वारा, ४०० मीटरच्या आत आटोपणारी नजर, आणि हे किमान तीन तास. रेडिओच्या दृष्टीने मला मात्र ब्लिझार्डपेक्षा ‘आइस स्टॉर्म वॉर्निंग’ची धास्ती जास्त. कोरडा बर्फ उडून जातो, गोठलेला पाऊस तारा आणि अँटेना धरून बसतो.

तेव्हा आदल्या दिवशी नवे सेल घाला, जादाचे सेल आणि टॉर्च एका पिशवीत ठेवा. गाडीत पेट्रोल निम्म्याच्या वर असू द्या. यादीतलं प्रत्येक स्टेशन एकदा लावून पाहा. वादळ सुरू होण्याआधीचा आवाज कानात असला की नंतर झालेला बदल चटकन लक्षात येतो.

पायरी ५: स्टेशन गप्प झालं, आता निदान करा

इथे घाई नको. आधी दूरचं दुसरं स्टेशन लावा. तेही नाही लागलं तर सेल बदला. ते लागलं तर दोष तुमच्या सेटचा नाही; परत मूळ आकड्यावर या आणि कान लावून ऐका.

भरभक्कम खरखर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेसारखी? ट्रान्समीटर किंवा त्याची वीज गेली आहे. हे लवकर परत येईलच असं नाही. त्याच कार्यक्रमाचा दुसरा आकडा लावा, तोही नसेल तर यादीत पुढे सरका आणि तासाभराने फिरून बघा.

खरखरही नाही आणि आवाजही नाही, नुसती गच्च शांतता? म्हणजे ट्रान्समीटर उभा आहे, पण स्टुडिओकडून त्याला काही मिळत नाही. डिशवर बर्फ साचला असेल किंवा इंटरनेट तुटलं असेल. हा दोष अनेकदा लवकर दुरुस्त होतो, कारण माणसं पर्यायी मार्ग शोधतात. या आकड्याकडे दर पंधरा-वीस मिनिटांनी परत या. एक सावधगिरी: काही नवे डिजिटल सेट सिग्नल नसला की खरखर स्वतःच दाबून टाकतात. आपला सेट तसा आहे का, ते आधी रिकाम्या आकड्यावर लावून तपासलेलं हवं.

आवाज आहे पण क्षीण, मधूनच फाटल्यासारखा? अँटेनावर बर्फ किंवा कमी शक्तीवरचा जुगाड. एफएम असेल तर सेट खिडकीपाशी न्या आणि दांडी अँटेना साधारण पाऊण मीटर बाहेर काढा. एएम असेल तर दांडीचा काही उपयोग नाही; आत फेराइटची कांडी असते आणि ती दिशा पाहते. सेट टेबलावर सपाट ठेवून हळूहळू पाव वर्तुळ फिरवा, एका जागी आवाज उठतो. तळघरात एएम नीट लागत नाही, वर या.

गाणी आणि जाहिराती मजेत चालू आहेत, पण वादळाचा उल्लेख नाही? सांगितलेली वेळ आणि घड्याळ ताडून बघा. तासाच्या ठोक्याला ताजी स्थानिक बातमी येते का ऐका. नसेल येत तर बहुधा तिथे माणूस नाही. पुढचं स्टेशन लावा.

आणखी एक अनुभवाचा भाग. सगळ्या वस्तीचे लाइट गेले की एएम एकदम स्वच्छ होतं, कारण एरवी एलईडी दिवे, चार्जर आणि कसली कसली उपकरणं त्यावर गुणगुण सोडत असतात. पण तुमचाच इन्व्हर्टर किंवा पॉवर बँक शेजारी चालू असेल तर गुणगुण परत येते. रेडिओ त्यांच्यापासून दोन-तीन मीटर दूर ठेवून बघा.

पायरी ६: सतत ऐकत बसू नका

सेल वाचवायचे तर तासाला दहा मिनिटं पुरतात, शक्यतो तासाच्या ठोक्यापासून. वृत्त-स्टेशनं तेच तेच फिरवून सांगतात, त्यामुळे थोडं हुकलं तरी परत मिळतं. एक वही ठेवा: वेळ, स्टेशन, काय सांगितलं. पाणी उकळून पिण्याची सूचना कोणत्या गावासाठी होती, हे दोन तासांनी कोणाच्याच लक्षात नसतं, आणि मग घरात वाद.

गाडीतला रेडिओ इंजिन बंद ठेवून काही काळ चालतो. पण त्यासाठी किंवा फोन चार्ज करायला इंजिन सुरू करणार असाल तर गाडी गॅरेजच्या बाहेर उघड्यावर हवी आणि धुराड्याभोवतीचा बर्फ आधी उपसलेला हवा. गॅरेजचं दार उघडं ठेवून भागत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टेक्सासच्या २०२१ च्या वादळात सरकारी मोजणीप्रमाणे २४६ जण गेले. त्यात थंडीने गेलेले सर्वाधिक, पण या वायूने घरातच गेलेलेही होते. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, जनरेटर यातलं काहीही आत आणायचं नाही.

पायरी ७: घरातली मोठी माणसं आणि शेजार

हिवाळ्यात आलेल्या आई-बाबांना रेडिओ लावायला शिकवावा लागत नाही, त्यात ते आपल्यापेक्षा तरबेज असतात. त्यांचं घोडं अडतं ते गावांच्या नावांपाशी. अमेरिकेतले इशारे शहराच्या नावाने नाही, कौंटीच्या नावाने देतात, आणि उच्चार झपाट्याचे. ‘आपण प्लेनोत राहतो’ एवढंच माहीत असलेल्या माणसाला ‘कॉलिन कौंटी’ ऐकून काहीच बोध होत नाही. रेडिओला लावलेल्या यादीखाली मराठीत लिहून ठेवा: आपली कौंटी, शेजारच्या दोन कौंट्या, आपला हायवे, गाव, पत्ता. त्याखाली ९११ जिवावरच्या प्रसंगासाठी, आणि जवळपास ऊब घ्यायला कुठे सोय आहे ते विचारायला २११. फोन चालू असेपर्यंत हे दोन्ही कामाला येतात.

अपार्टमेंटमध्ये चार-पाच मराठी घरं असतील तर प्रत्येकाने रेडिओ चालू ठेवायची गरज नाही. पाळ्या लावा. एकाने ऐकायचं, ठरल्या वेळी जिन्यात येऊन सांगायचं. फार लांब नसलेल्या घरांसाठी विनापरवाना चालणारे साधे वॉकी-टॉकी मिळतात. चॅनल आधी ठरवून ठेवा. फक्त ऐकलेलं सांगताना वेळ आणि स्टेशनही सांगायचं, म्हणजे सकाळची बातमी संध्याकाळी ताजी म्हणून फिरत नाही.

तुमच्या मंडळाचा एखाद्या स्टेशनवर आठवड्याचा मराठी कार्यक्रम असेल तर हिवाळ्याआधी स्टेशनच्या इंजिनिअरला तीन प्रश्न विचारा: ट्रान्समीटरपाशी जनरेटर आहे का, इंधन किती तासांचं, आणि स्टुडिओचा दुवा तुटला तर थेट ट्रान्समीटरवरून बोलता येतं का? उत्तरं ऐकून त्या स्टेशनचं यादीतलं स्थान वरखाली करा. भावनेला इथे जागा नाही.

लाइट परत आल्यावर

वीज आली म्हणजे स्टेशन आलंच असं नाही. वाकलेली अँटेना किंवा तुटलेली केबल बदलायला टॉवरवर चढणारा माणूस लागतो आणि वारा पडेपर्यंत तो चढत नाही. अमेरिकेत स्टेशन पूर्ण बंद राहिलं तर दहा दिवसांत नियामकाला कळवावं लागतं, तीस दिवसांहून जास्त लांबलं तर परवानगी लागते, आणि सलग बारा महिने गप्प राहिलं तर परवानाच जातो. कमी शक्तीवर मात्र तीस दिवस वेगळ्या परवानगीशिवाय चालवता येतं. त्यामुळे वादळानंतर आठवडे दोन आठवडे एखादं स्टेशन मिणमिणतं लागत राहिलं तर ते नेहमीचंच.

तेवढ्या काळात यादी सुधारून घ्या. कोणतं स्टेशन कधी गेलं, कधी आलं, कोणावर खरोखर माणूस बोलत होता, हे वहीत लिहिलेलं असेलच. त्यावरून क्रम लावा, गेलेल्याला खाली ढकला. सेटमधले सेल काढून ठेवा, वापरलेले आणि नवे मिसळू नका. आणि कागद ओला झाला असेल तर दुसरा लिहून चिकटवा, वादळ मार्चमध्येही येतं.